पांढरा कालवा

सोमवार, ३

मालकांनी आज ही वही हातात ठेवली. म्हणाले, "राग आला की बोलायचं नाही, लिहायचं." कारण शुक्रवारी मी प्रिंटरला लाथ मारली. प्रिंटर ठणठणीत आहे. माझा अंगठा सुजलाय.

वही गेल्या वर्षीची आहे, कुठल्याशा पंप कंपनीने फुकट वाटलेली. छापलेले वार खोडून लिहायचं. ठीक आहे, लिहिते. आमच्या ऑफिसात दोन खोल्या आणि तीन माणसं. एक जण ड्रोन उडवतो, त्याला सगळे घार म्हणतात. मालक गिऱ्हाइकं सांभाळतात. मी चित्रं करते. कॅमेऱ्यातून जे येतं त्याला खरं तर चित्र म्हणता येत नाही. त्यात चार थर असतात: निळा, हिरवा, लाल आणि चौथा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा. प्रत्येक ठिपक्याला शून्यापासून पासष्ट हजारांपर्यंत कुठलाही आकडा. ती फाइल साध्या कॉम्प्युटरवर उघडली तर काळा चौकोन दिसतो. ते सगळं दाबून दोनशे छप्पन्न पायऱ्यांत बसवायचं आणि कुणालाही उघडता येईल अशी फाइल करून द्यायची, हे माझं काम. धान्य निवडण्यासारखं. निवडताना कुणी बघत नाही, दाताखाली खडा आला की सगळे बघतात.

गेल्या महिन्यात कालवा ऑफिसच्या इंजिनिअर मॅडमनी तक्रार केली, चित्रांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. मी फाइलचा प्रकारच बदलला. जुन्या प्रकारात तीन थर मावायचे, चौथा गळून पडायचा. नव्यात चारही मावतात, काही वाया जात नाही. याचं कौतुक कुणी केलं? कुणी नाही.

पण आजचा राग मामावर आहे. आईचा धाकटा भाऊ. कालव्यावर पाटकरी आहे: दारं उघडायची, बंद करायची, रोज बांधावरून चालत जाऊन बघायचं. निवृत्तीला सहा आठवडे राहिलेत. आणि शनिवारी या माणसाने, कुणालाही न विचारता, सांडव्याचं दार उघडून कालवा अर्धा रिकामा केला. का, तर सातव्या पुलाखाली बांधाची बाहेरची बाजू ओली लागते म्हणे. दीड दिवस खालच्या गावाला पाणी नाही. लोक कळश्या घेऊन कालवा ऑफिसात शिरले. आज मॅडमचा आमच्याकडे फोन, गेल्या आठवड्याच्या चित्रांत सातव्या पुलाखाली काय दिसतं? त्यांनीच मग सांगितलं, "माझ्यासमोर अहवाल आहे. पांढरं स्वच्छ आहे. गेल्या वर्षी केलेला गिलावा दिसतोय."

मालक म्हणाले, "मॅडम, आमची चित्रं खोटं बोलत नाहीत."

मी मान डोलावली. फोनवर मान डोलावली. मूर्ख.

मंगळवार, ४

मामाला निलंबनाचं पत्र मिळालं. चौकशी होणार. दारांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि आजच कालवा पुन्हा काठोकाठ भरला.

मामी गेल्यापासून तो रात्रीचं जेवण आमच्याकडे करतो. आज आला तो तसाच अनवाणी, पायाला चिखल. आई म्हणाली, "अरे, निलंबन झालं ना? मग आता कशाला चालतोस?"

"सवय," म्हणाला.

मी अहवालाचं छापील पान त्याच्यापुढे धरलं. "बघ. हा बांध, हा गिलावा. पांढरा. कोरडा."

त्याने चष्मा लावला, पान लांब धरलं, जवळ धरलं. मग म्हणाला, "ठिणगे, कालव्यात दूध सोडलंय का गं?"

"काय?"

"पाणी पांढरं दिसतंय."

"ऊन चमकतं पाण्यावर."

"पुलाच्या सावलीतसुद्धा?"

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं बांधावर चालला म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा शहाणा झाला का? मी म्हणाले, "तुझ्या तळपायापेक्षा तो कॅमेरा महाग आहे." तो म्हणाला, "ते खरं आहे," आणि भात कालवायला लागला. त्याची ही सवय मला सहन होत नाही. भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने बसून जेवावं.

शुक्रवार, ७

आज मॅडम स्वतः ऑफिसात आल्या. उंच, सडपातळ, बुटांना एक डाग नाही. चौकशी सोमवारी, सतराला. तिथे आमची चित्रं पुरावा म्हणून मांडायची. दहा-बारा पानं, मोठ्या पडद्यावर दाखवता येतील अशी. थोडक्यात, माझ्या मामाने खोटी ओरड केली हे मीच सिद्ध करायचं. मालकांना नातं माहीत आहे. ते त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

वर आमची जुंपली ती वेगळीच. मी माझ्या पडद्यावर सातवा पूल उघडला होता. मॅडम हातातलं पान दाखवून म्हणाल्या, "हा पांढरा भाग मोठा करून द्या."

मी म्हणाले, "पांढरा? मॅडम, तिथे गडद आहे. सावली पडलीय."

"सावली कुठली? हे बघा, पांढरं फटक आहे."

"आणि हे बघा, काळपट आहे."

त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलंही नाही, पानावर बोट आपटत राहिल्या. मीही पानाकडे बघितलं नाही. मला सांगतेय! चित्र मी केलंय! शेवटी मालक मध्ये पडले. "पांढरं म्हणा, काळं म्हणा. ओल नाही ना? मग झालं." यावर आम्हा दोघींचं एकमत झालं. त्या पांढऱ्याला गिलावा म्हणाल्या, मी काळ्याला सावली म्हणाले. चहा झाला. त्या गेल्या.

मग मी प्रिंटरकडे बघितलं. शाई कमी झाली असेल, म्हणून पांढरं येत असेल. या प्रिंटरचं मी एक दिवस काहीतरी करणार आहे.

शनिवार, ८

जेवताना मामाने विचारलं, "या चित्रांच्या अहवालावर सही कुणाची असते गं? तुझ्या मालकांची?"

"माझी. प्रत्येक पानावर. 'तपासले' असं लिहून."

"म्हणजे उद्या काही वेडंवाकडं निघालं तर तुला विचारणार."

"निघणार नाही," मी म्हणाले. "तू तुझी काळजी कर."

आईने भाजी वाढली तर मामा नको म्हणाला. अपराधी वाटत असणार. वाटायलाच हवं.

मंगळवार, ११

पेन दाबून दाबून लिहितेय. कागद फाटला तर फाटो.

मामाने लिहून दिलं! काल कालवा ऑफिसात जाऊन स्वतःच्या हाताने लिहून दिलं, "बांध कोरडा होता, माझा गैरसमज झाला, चित्रांबद्दल माझी काही तक्रार नाही." खाली सही. मालकांनी मला आनंदाने सांगितलं, पेढा मिळाल्यासारखं. आता चौकशी नावापुरती. ते पत्र आणि माझी चित्रं फाइलला लावायची, मामाला निवृत्तीपर्यंत भांडारात बसवायचं, संपलं.

मी तडक त्याच्या खोलीवर गेले. तो दाराशी बसून पंपाचा वॉशर कापत होता.

"खरंच कोरडा होता का?"

"चित्रात आहे ना तसं."

"मी चित्राचं नाही विचारत. तुझ्या पायाला काय लागलं?"

"पाय म्हातारे झालेत."

"मग आठवडाभर आमच्याशी वाद कशाला घातलास?"

"मी कुठे घातला? वाद तू घातलास. मी जेवत होतो."

हे असं. तीस वर्षं ज्या माणसाने एकदा "ओल आहे" म्हटलं की तिथून पाणीच निघालं, तो माणूस कागद पुढे आल्याबरोबर शेपूट घालतो. मला लहानपणी बांधावर अनवाणी चालवायचा, डोळे मिटायला लावून विचारायचा, "सांग, इथे काय?" मी सांगायचे, गार, गरम, मऊ, टोचतंय. बरोबर आलं की खांद्यावर बसवायचा. तो मामा असा भित्रा असेल हे मला ठाऊक नव्हतं.

आईला म्हणाले तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी केलंय. म्हणाली, "तो आला की त्याला वाढ आणि गप्प बस."

गुरुवार, १३

घार आज पुन्हा सातव्या पुलावर उडवून आला. म्हणाला, "तुझा मामा आहे फोटोत. बांधावर बसलाय, पाय गवतात सोडून. ड्रोन बघून हात केला."

चांगलं आहे. ज्या जागी ओल नाही असं लिहून दिलं, तिथेच जाऊन बसायचं. कालवा काठाला लागलाय, घार सांगत होता, पुलाच्या कमानीत वीतभरही जागा उरलेली नाही.

शुक्रवार, १४

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी चौकशीची पानं बनवत होते. मालक येऊन म्हणाले, "पांढरी पानं फार रडकी दिसतात. मागे जरा पिवळा रंग टाक, उठाव येतो." मालकांची आवड. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर सूर्यफूल आहे. मी वाद घातला नाही. पानाचा रंग पिवळा केला.

कालवा पिवळा झाला.

मला वाटलं माऊस चुकीच्या जागी लागला. परत घेतलं. पांढरं पान, पांढरा कालवा. पिवळं पान, पिवळा कालवा. मग लाल केलं. सगळा कालवा लालभडक, पुलाच्या सावलीतसुद्धा. आणि सातव्या पुलाखाली, बांधाच्या बाहेरच्या बाजूला, एक मोठा लाल डाग. कालव्याइतकाच लाल.

गिलावा लाल झाला नव्हता. गिलावा त्या डागाच्या बाजूला होता, नुसता थोडा गुलाबी.

म्हणजे तिथे चित्रच नव्हतं. भोक होतं. भोकातून मागचं पान दिसत होतं.

पुढचं कळायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत मला प्रिंटरची, मॅडमची, मामाची, सगळ्यांची माफी मागावीशी वाटली आणि त्यातल्या कुणाचीच मागू नये असंही वाटलं. नव्या प्रकारात चार थर मावतात, यावर मी खूश होते. पण त्या प्रकारात चौथी जागा रंगाची नसतेच, पारदर्शकतेची असते. आकडा मोठा तर ठिपका घट्ट, आकडा छोटा तर काचेसारखा आरपार. आणि पाणी अवरक्त उजेड पिऊन टाकतं. पाण्याचा चौथा आकडा नेहमी छोटा. मी माझ्या हाताने जिथे जिथे पाणी होतं तिथे तिथे चित्राला भोक पाडलं. माझा पडदा मागून काळा, म्हणून मला ओल सावलीसारखी दिसली. मॅडमचं पान पांढरं, म्हणून त्यांना ती गिलाव्यासारखी दिसली. आम्ही दोघी बरोबर बघत होतो आणि दोघी ठार आंधळ्या होतो.

कालव्यात दूध. त्याने पहिल्या दिवशी, चष्मा लावून, एका नजरेत सांगितलं होतं.

मूळ फाइली उघडल्या. त्या नशिबाने जशाच्या तशा होत्या, पासष्ट हजार पायऱ्यांच्या. कालव्याचं पाणी नऊशेच्या आसपास. कोरडा गिलावा एकवीस हजार. तो डाग चौदाशे. म्हणजे पाणीच. नव्या प्रकारातल्या तिन्ही उड्डाणांचा नुसता चौथा थर काढला, तिन्हींना एकच माप लावलं आणि शेजारी शेजारी ठेवले. पहिला डाग एका खाटेएवढा. दुसरा खोलीएवढा. कालचा आमच्या सगळ्या ऑफिसाएवढा.

आणि त्यावर मामा बसला होता, पाय सोडून.

मालकांना दाखवलं. ते खुर्चीत बसले, उठले, दार लावून घेतलं. "सोमवारी काही बोलू नकोस. पत्र आलंय त्याचं. हळूच पुढच्या आठवड्यापासून फाइल बदलू. उजेड कमी होता म्हणू."

"बांध फुटेल."

"लगेच फुटतो का बांध?"

"तुम्हाला माहीत आहे? मला नाही माहीत. मला फक्त फाइली कळतात, आणि त्याही कळत नाहीत असं दिसतंय."

"काम जाईल आपलं. तुझी सही आहे त्याच्यावर, विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला. वही, वही असं मनात म्हणत होते आणि तोंडाने ओरडत होते. चौथा थर, पारदर्शक, भोक, पिवळा कालवा, सगळं एका श्वासात. त्या मधेच म्हणाल्या, "फोनवर नको. उद्या सकाळी सात वाजता सातव्या पुलावर या." आणि ठेवला. ना आश्चर्य, ना घाई. दगड आहे ती बाई. ओल पसरतेय आणि हिला उद्या सकाळी सात.

शनिवार, १५

पावणेसातला पोचले. मामा आधीच होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो रोजच असतो. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पाणी हातभर उतरलंय. काल संध्याकाळीच कुणीतरी सांडवा उघडलाय." मी म्हणाले, नशीबच. खालच्या गावाने कुणाला शिव्या घातल्या असतील कोण जाणे.

मॅडम आल्या. तेच बूट. डोळे सुजलेले, झोप नसावी. मी प्रिंट पुढे केली, आता फक्त चौथा थर, राखाडी, त्यात ओल काळी. त्यांनी ती घेतली नाही. "जागा दाखवा."

मामाने हात केला. त्या बांध उतरून सरळ चालत गेल्या. सहा पावलं. सातव्याला बूट आत गेला आणि पाय बाहेर आला. बूट तिथेच. एका पायावर उभ्या, हात पसरून, पडणार की काय. मी हसले असते, पण त्या खड्ड्यात हळूहळू पाणी भरत होतं. स्वच्छ पाणी नव्हे, गढूळ. मामाने ते बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. नंतर म्हणाला, स्वच्छ झिरपलं तर वेळ असतो, गढूळ म्हणजे माती सुटायला लागली.

तो उतरला, बूट ओढून काढला, गवतावर पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "इथे अनवाणी बरं, मॅडम."

त्यांनी दुसराही बूट काढला. तशाच उभ्या राहून दोन फोन केले. एक, सगळा कालवा बंद. दुसरा, मातीचे ट्रक. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या चित्रावर विसंबून मी महिनाभर इथे आले नाही."

मी म्हणाले, "मी तर एकदाही आले नाही."

"ते मला माहीत आहे," म्हणाल्या. तेवढंच. यापेक्षा कानफटात मारली असती तर बरं.

सोमवार, १७

चौकशी झाली. लांब टेबल, तिघे साहेब, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मी पानं दाखवली. पांढरं, पिवळं, लाल. मधले साहेब म्हणाले, "म्हणजे चित्र खोटं होतं?"

"चित्र खरं होतं. मी त्याला भोकं पाडली. सही माझी आहे."

मालक माझ्या मागे बसून इतक्या जोरात उसासे टाकत होते की पानं उडतील असं वाटलं.

मग साहेबांनी मामाला विचारलं, "पण तुम्ही तर स्वतः लिहून दिलंत, बांध कोरडा होता. ते का?"

मामा उभा राहिला. "वय झालं साहेब. कधी कळतं, कधी नाही."

खोटं! त्याच्या पायाला शेवटपर्यंत कळत होतं, म्हणून तर तो तिथे रोज जाऊन बसत होता. मी बोलायला उठले तर मॅडमनी मला हाताने खाली बसवलं. त्याच म्हणाल्या, "ते पत्र फाइलमधून काढावं अशी माझी विनंती आहे. बांध बघायला मीही गेले नव्हते. ते माझ्या नावावर लिहा."

निलंबन मागे. किल्ल्या परत.

बाहेर आल्यावर मी मामाला धरलं. "का लिहून दिलंस ते सांग."

"झालं ना आता."

"नाही झालं. सांग."

"माझे आठवडे किती उरलेत, सांग बघू."

"चार. त्याचा काय संबंध?"

"काही नाही," म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. मी रागाने तिथेच उभी राहिले. हा माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ.

बुधवार, १९

मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज कालवा ऑफिसचं पत्र आलं. काम सुरू राहील. महिनाभराची सगळी चित्रं शुक्रवारपर्यंत नव्याने करून द्यायची, चौथा थर वेगळा. आणि प्रत्येक अहवालाला पाटकऱ्याची पायी पाहणीची नोंद जोडायची, तिच्याशिवाय चित्र धरलं जाणार नाही. मालक म्हणाले, "बघ, वाचलो." जणू त्यांनीच वाचवलं.

पहिल्या उड्डाणापासून सुरुवात केली. तीन थर एका फाइलमध्ये, चौथा वेगळ्या. आता पांढऱ्यावर ठेवा, काळ्यावर ठेवा, मालकांच्या सूर्यफुलावर ठेवा, कालवा कालव्यासारखाच दिसतो. दुपारपर्यंत पहिला अहवाल छापून झाला. सोबत मामाची नोंद, त्याच्या तिरक्या अक्षरात, जुन्या तारखेची: "सातवा पूल, बाहेरची बाजू, गार आणि मऊ, पाऊल उठत नाही."

शेवटच्या पानावर "तपासले" लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं.

आणि हात थांबला.

सही कुणाची असते गं, त्याने विचारलं होतं. शनिवारी, जेवताना. मी म्हणाले होते, माझी, प्रत्येक पानावर. त्यानंतर त्याने भाजी नको म्हटली. रविवारी ऑफिस बंद. सोमवारी जाऊन त्याने लिहून दिलं की बांध कोरडा होता. चित्रांबद्दल तक्रार नाही.

त्याचे पाच आठवडे उरले होते. माझी वीस-पंचवीस वर्षं.

आईला ठाऊक होतं. म्हणून तशी बघत होती. मॅडमना कळलं, म्हणून हात धरून खाली बसवलं. घारलासुद्धा कळलं असेल. मला पासष्ट हजार पायऱ्या दिसतात आणि हे दिसलं नाही.

आणि तो! तो ओल्या बांधावर जाऊन बसला, रोज, काठोकाठ भरलेल्या कालव्याच्या कडेला, आपण लिहून दिलेलं खोटं आपल्याच पायांनी राखत. फुटला असता तर? कोणाला विचारून केलंस हे? मी सांगितलं होतं का मला वाचव म्हणून?

मालक, तुमची वही तुमच्यापाशी ठेवा. हे लिहिण्यातलं नाही. तो आता सातव्या पुलावर असेल. तोंडावर जाऊन बोलणार आहे. निघाले.